झारीच्या तोंडाचा वास

मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. मित्रांनो, पूर्वी मी मोहरीच्या तेलाचा डबा होते. कालिम्पोंगच्या बाजारातल्या कारागिराने मला तोटी आणि मूठ लावली. तेव्हापासून प्रधानांच्या व्हरांड्यात बसून माणसं एकमेकांवर नजर कशी ठेवतात, ते मी जवळून पाहत आले आहे.

व्हरांड्यात सुनाखरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, अकरा कुंड्या आहेत. त्यांतली एक घरची मालकीण चंद्रमाया हिच्या सासूची. "हिला मारलंस तर वरून बघेन," एवढं सांगून सासू गेली.

आमच्या गल्लीत लोक पगार सांगतात, आजार सांगतात. सुनाखरीचं खत सांगत नाहीत. चंद्रमाया मोहरीची पेंड कुजवून ते दाट पाणी माझ्या पोटात लपवायची. बरणी दिसली असती तर शेजारच्या निमकित लेप्चाने विचारलं असतं. झारीत कोण डोकावतं? शनिवारी त्यातलं पेलाभर बादलीभर पाण्यात मिसळून ती सगळ्या कुंड्यांना द्यायची. एरवी साधं पाणी, तेही कुंडी सुकल्यावरच.

नवरा हर्कमान याला संशय होता, की ही आईच्या झाडाला मुद्दाम तहानलेलं ठेवते. ती बाजारात गेली की तो मला उचलून त्याच कुंडीत ओतायचा. त्याचं नाक सर्दीने कायमचं गेलेलं. गढूळपणाचं म्हणाल, तर आमच्या नळालाही तसंच पाणी येतं.

माझ्यातली पातळी उतरू लागली. चंद्रमायाने आतून खडूची रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली.

"निमकित चोरी करते," ती नवऱ्याला म्हणाली.

"काय चोरते?"

"ते नाही सांगणार."

"मग पकडू काय?"

पुढे सासूच्या झाडाची पानं टोकांना काळी पडली. निमकितची नजर लागली असं ठरलं आणि कुंडी पडद्याआड गेली. निमकित चहाला आली, ती माझ्यापाशी थबकली.

"दीदी, झारीत काय मेलंय?"

"पाणी आहे," हर्कमान म्हणाला. "मी रोज देतो आईच्या झाडाला."

"रोज?" चंद्रमायाने कप खाली ठेवला. "अहो, ती पेंड आहे. जाळलंत झाड."

"मग सांगायचं होतंस."

"तुम्हाला सांगितलं की बाजाराला कळतं."

"दाजू, दीदी, आधी कुंडीत बोट घाला, मग भांडा," म्हणत निमकितने पडद्याआडची कुंडी ओढून उपडी केली. मुळं तपकिरी, लिबलिबीत. तिने सडकी कापली, पांढरी राखली, धुऊन कोरड्या कोळशात आणि विटांच्या तुकड्यांत झाड बसवलं. जाताना त्या झाडाचा एक कंद मागून घेतला. चंद्रमायाने दिला, पण तो नेण्यासाठीच हा सगळा घाट होता का, हे ती अजून ठरवते आहे.

वसंतात झाडाला एक कोंब आला. फूल नाही, पण कोंब.

मित्रांनो, खत पातळ द्या, पाणी बोट घालून द्या, आणि घरात काय कुठे ठेवलंय ते एकमेकांना सांगा. आता माझ्यावर तांबड्या रंगाने 'खत' लिहिलं आहे. आत साधं पाणी असतं. खत कुठे ठेवलंय, ते मला सांगितलेलं नाही.