रोखठोकबाईंची उधारी

त्यांचं खरं नाव रस्त्यावर कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. पडदे शिवायचं लहानसं दुकान, आत कापड बेतायचं लांबच लांब टेबल, आणि टेबलामागे गळ्यात टेप अडकवून उभ्या असलेल्या रोखठोकबाई. बोलणं तसं आणि व्यवहारही तसाच. गिऱ्हाइकानं कापडाचे पैसे आधी द्यायचे आणि शिलाईचे पडदा दांडीवर चढला की लगेच. स्वतः दोऱ्याचं रीळ घ्यायच्या तर दुकानदारानं ते कागदात गुंडाळायच्या आत त्याच्या हातावर पैसे. एकदा सुटे नव्हते, तर तो म्हणाला, राहू द्या, उद्या द्या. बाई रीळ तिथंच ठेवून गेल्या, सुटे घेऊन आल्या आणि मगच रीळ उचललं. त्यानं ही गोष्ट सगळ्या रस्त्याला सांगितली. नाव बहुधा तेव्हाच पडलं.

माणसांच्या बाबतीतही तेच. शेजारणीनं वाटीभर काही दिलं की संध्याकाळच्या आत वाटी भरून परत. आजारपणात सून डबा घेऊन आली, तर अंगातला ताप उतरल्याबरोबर तिच्या घरी नवाकोरा टेबलक्लॉथ पोचला. कुणाचं मिंधं राहू नये, हे त्यांचं पालुपद. याला कारण होतं. लग्न झालं तेव्हा थोरल्या जावेनं आपलं जुनं शिलाई मशीन त्यांना वापरायला दिलं, आणि पुढं चार माणसं जमली की जाऊबाई म्हणायच्या, माझ्याच मशीनवर हात बसला हो हिचा. बाईंनी पै पै साठवून जावेला नवं मशीन घेऊन दिलं, तरी ते वाक्य काही थांबलं नाही. तेव्हा त्यांनी कानाला खडा लावला. जाऊबाईंची जीभ लांब होती हे खरंच, पण एका जावेपायी सगळ्या जगाला शिक्षा करायचं काही कारण नव्हतं. हे त्यांना सांगणार कोण?

दुकानाची जागा भाड्याची. म्हातारे मालक होते तोवर करार म्हणजे तोंडचा शब्द. ते गेले आणि त्यांच्या मुलांनी दुकानांची ती आख्खी ओळ एका कंपनीला विकून टाकली. कंपनीचा माणूस आला. सभ्य होता बिचारा. सध्या वर्षाचा करार करू म्हणाला, पण पुढं पाच वर्षांचा करताना तुमचा क्रेडिट स्कोअर बघावा लागेल. बाईंनी मान ताठ करून सांगितलं, की आपण आयुष्यात कुणाचं एका पैचं कर्ज घेतलेलं नाही. हे ऐकून तो खूश होईल असं त्यांना वाटलं होतं. तो म्हणाला, मग जरा अवघड आहे.

त्या लोकांचा हिशेबच निराळा. कर्ज घेऊन वेळेवर फेडणारा चांगला, बुडवणारा वाईट, आणि ज्यानं घेतलंच नाही त्याच्याबद्दल त्यांना काहीच म्हणता येत नव्हतं. बाई जन्मभर नाकासमोर चालल्या, पण कागदावर त्यांचं एक पाऊलही उमटलं नव्हतं. आणि प्रश्न नुसत्या दुकानाचा नव्हता. मागच्या खोलीतच त्या राहायच्या, नवरा गेल्यापासून एकट्याच. सगळं गिऱ्हाईक आसपासच्या गल्ल्यांतलं. या वयात ते टेबल उचलून जायचं कुठं?

मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले थोडेच दिवस घरी. त्याच्या ट्रकचे हप्ते इतक्यांदा चुकले होते, की जामीन म्हणून त्याचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिनं ऐकल्याबरोबर सांगितलं, "आई, मी जामीन राहते. वॉशिंग मशीनचे सगळे हप्ते मी वेळेवर भरलेत, माझा स्कोअर चांगला आहे." बाई नको म्हणाल्या. इतक्या चटकन म्हणाल्या, की सून पुढचं बोलायचीच थांबली.

मग तिनंच दुसरी वाट काढली. ज्यांची बँकेत काहीच नोंद नसते त्यांच्यासाठी प्रीपेड कार्ड असतं. आधी आपले पैसे त्यात भरायचे, मग भरले तेवढेच खर्च करायचे. नुसत्या त्या कार्डानं स्कोअर वाढत नाही, कारण त्यात उधारी नसतेच. पण ती पहिली पायरी. काही महिने नीट वापरलं, वीजबिल आणि भाडं त्यातूनच दिलं, की तीच बँक आपला व्यवहार बघून छोटं का होईना, खरं क्रेडिट कार्ड देते. ते मात्र मोजलं जातं. बाईंनी यातलं निम्मंच ऐकलं. आधी पैसे, मग माल, हे कानावर पडल्यावर त्यांना वाटलं, बँकेतही कुणीतरी आपल्यासारखं शहाणं माणूस बसलंय तर.

कार्ड आलं आणि बाईंना त्याचा लळाच लागला. सोमवारी बँकेत जायचं, आठवड्याचा अंदाज करून पैसे भरायचे आणि दोऱ्यापासून दुधापर्यंत सगळीकडे ते कार्ड पुढं करायचं. दोरेवाल्यानं थट्टा केली, की आता तरी उधारीवर न्याल. बाई म्हणाल्या, हे तुझ्या रोकड्यापेक्षाही रोख आहे. सहाएक महिन्यांनी बँकेनं खरोखरच दुसरं कार्ड दिलं, बेताच्या लिमिटचं. सुनेनं विचारलं, जमतंय ना? बाई म्हणाल्या, "झकास. एका पैची बाकी नाही." सून निश्चिंत झाली. तिनं तिथंच आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, पण सासूला दुसरा प्रश्न विचारायची तिला सवय नव्हती.

वर्ष संपत आलं तेव्हा बाई चांगली इस्त्रीची साडी नेसून स्कोअरचा कागद आणायला बँकेत गेल्या. टाय लावलेल्या तरुण साहेबानं आधी स्क्रीनकडे बघितलं, मग बाईंकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे.

"तुम्ही या कार्डात पैसे आधी भरता?"

"मग काय नंतर भरू?"

त्यानं हसू दाबलं. चांगल्या घरचा मुलगा असावा. पहिलं कार्ड तुमच्या पैशाचं होतं, दुसरं बँकेच्या पैशाचं आहे, असं त्यानं हळूहळू समजावून सांगितलं. यात आधी खर्च करायचा, बिल येऊ द्यायचं आणि मग मुदतीच्या आत ते भरायचं. बाई दुसरंही पहिल्यासारखंच वापरत राहिल्या होत्या, त्यामुळे दर महिन्याचं बिल शून्य. शून्याच्याही खालीच, कारण थोडे जास्तीचे पैसे कायम त्यात पडून असायचे. म्हणजे इतके महिने बँकच बाईंचं देणं लागत होती. स्कोअरच्या जागी लिहिलं होतं, पुरेशी नोंद नाही.

"पण मी चांगलीच वागले ना?" बाईंचा आवाज नकळत चढला होता.

"चांगल्याच वागलात. पण तुमच्यावर विश्वास टाकायची वेळच तुम्ही आमच्यावर येऊ दिली नाहीत."

तो पुढं म्हणाला, की बिल थोडे दिवस उभं राहू द्या. बाईंना हे धंद्यातलं उदाहरण घेतल्यावर कळलं. नवा पडदा चढवला की खालची दुमड लगेच शिवून टाकायची नसते. टाचण्या लावून ठेवायच्या आणि कापडाला आपल्या वजनानं लोंबू द्यायचं. घाई केली की पुढं पडदा जमिनीवर लोळतो. हे त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायच्या, आणि गिऱ्हाईक कुरकुरलं तर दामटून सांगायच्या. आपल्याच बाबतीत ते सुचलं नाही याची त्यांना मनापासून लाज वाटली. पण कळून आता उपयोग नव्हता. नीट नोंद व्हायला आणखी सहा महिने लागणार होते आणि करार याच महिन्याच्या शेवटी संपत होता.

घरी येऊन त्यांनी सुनेला फोन केला आणि टायवाल्यानं काय काय ऐकवलं ते रागारागानं सगळं सांगून टाकलं. जामीनकीचा विषय त्यांनी काढला नाही आणि सुनेनंही काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या कचेरीत गेल्या आणि वर्षाचं भाडं आगाऊ देते म्हणाल्या. त्या सभ्य माणसानं मान हलवली. नियमात बसत नाही. स्कोअर तयार होईपर्यंत कुणाचा तरी जामीन द्या, नाहीतर जागा रिकामी करा. त्यानं एक कागद पुढं केला. जामीनदाराच्या नावापुढं लांब रेघ होती.

दोन दिवस त्या कागदाकडे बघत बाईंनी पडदे शिवले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसं चाललं होतं. अडला हरी ही म्हणही त्यांना आठवली. पण सून काही गाढव नव्हती आणि हरी म्हणवून घेण्याइतका तोराही आता उरला नव्हता. शेवटी सुनेच्या सुटीच्या दिवशी दुपारी त्या तिच्या घरी गेल्या.

सुनेनं दार उघडलं. बाई बसल्या नाहीत. पिशवीतून टेप काढून त्या सरळ खिडकीशी गेल्या आणि मापं घ्यायला लागल्या.

"आई, हे काय चाललंय?"

"अस्तराचे पडदे करून देते तुला. या खोलीला आणि आतल्याही. ऊन किती येतं इथं."

"मी कुठं मागितलेत पडदे?"

"नाही मागितलेस. पण माझं एक काम आहे तुझ्याकडे, म्हणून आधी..."

वाक्य तिथंच अडकलं. सून पुढं आली, तिनं सासूच्या हातातून टेप अलगद काढून घेतली आणि गुंडाळून टेबलावर ठेवली. करार कधी संपतोय हे तिला पक्कं माहीत होतं. ती गेले दोन दिवस फोनची वाट बघत होती.

"सही मी करते. पण पडदे नकोत. त्याच्या बदल्यात काहीच नको. आज नको आणि पुढंही नको."

"मग मी फेडायचं कसं?"

"नाही फेडायचं."

बाई खुर्चीवर टेकल्या. मग त्या जे बोलल्या ते त्यांनी आपल्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

"मला जमत नाही गं ते. भीती वाटते. उद्या चार माणसांत तू बोलून दाखवलंस तर मी काय करू?"

"इतक्या वर्षांत मी कधी काही बोलून दाखवलं?"

"काय बोलून दाखवणार? तुझं काही मी ठेवून घेतलंय का कधी?"

हे त्यांनी नेहमीच्या ठसक्यात म्हटलं, आणि म्हणता म्हणता ते त्यांच्याच कानांवर पडलं.

सून चिडली नाही. चिडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. ती समोर बसली आणि सावकाश म्हणाली, "तेच तर. त्या बँकवाल्यानं तुम्हाला परवा जे ऐकवलं, ते मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. मी चांगली की वाईट, तुम्हाला कळणार कसं? कधी घेतलंच नाहीत तुम्ही माझ्याकडून काही. मला वाटायचं, माझा भरवसाच नाही तुम्हाला."

बाईंना एकदम टेबलक्लॉथ आठवला, आणि तो हातात घेताना झालेला हिचा चेहरा. तेव्हा त्यांना वाटलं होतं, पोरीला रंग आवडला नाही. इतकी वर्षं त्या ज्याला स्वाभिमान म्हणत होत्या, त्यानं समोरच्या माणसाला किती लागत होतं हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"भरवसा आहे," त्या म्हणाल्या. "दाखवता आला नाही."

त्यांनी पिशवीतून कागद काढून दिला. सून मान खाली घालून एकेक ओळ वाचत होती, जिथं नाव हवं तिथं नाव, पत्ता हवा तिथं पत्ता लिहीत होती. रेघेवर सही झाली. कागद घ्यावा, पायात चपला घालाव्यात आणि उजेड आहे तोवर घर गाठावं, असाच बाईंचा शिरस्ता. पण त्या बसून राहिल्या.

"आणखी एक काम होतं," त्या म्हणाल्या. "रविवारी एका घरी पडदे चढवायचेत. हल्ली शिडीवर गेलं की माझ्या डोळ्यांपुढं अंधारी येते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही."

सुनेनं पेन खाली ठेवलं. "किती वाजता येऊ?"

मजुरीचा आकडा बाईंच्या अगदी ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला.

"नऊला ये," त्या म्हणाल्या. "उशीर झाला तरी चालेल."