काठीवरची तांबडी खूण

“पूर्वेकडील कोरडवाहू भागातील मुले जात्याच ठेंगणी असून त्यांची भूकही त्याच मानाने कमी असते.” हे वाक्य १९४३ च्या उन्हाळ्यात पाथर्डीकडच्या एका दुष्काळी कामाच्या अहवालातून नगरला रवाना झाले. वाक्य सुबक होते. मूल उपाशी म्हणून खुजे, हे उलटे फिरवून, मूल खुजे म्हणून त्याला कमी पुरते, असा सिद्धान्त त्यात निघाला होता. तर्कशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने असे अनुमान मांडले असते तर गुरुजींनी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते. कॅम्प ऑफिसर आप्पासाहेबांना मात्र वरून शाबासकी आली.

रंगुबाईला वाचता येत नव्हते. तिला तो सिद्धान्त लेकीच्या थाळीत दिसे. सात वर्षांवरच्या मुलाला भाकरी असा नियम होता, पण वय ठरे ते कामावरच्या स्वयंपाकाच्या मांडवापाशी रोवलेल्या काठीने. तिच्यावरच्या तांबड्या खुणेला डोके लागले, की मुलाला भाकरी आणि कालवण. खाली राहिले, की पळीभर पातळ पेज. बनू आठ वर्षांची होती, पण तिचे डोके खुणेच्या बरेच खाली राही. ती पोटात असताना रंगुबाई अशाच एका कामावर अर्धपोटी खडी फोडत होती. पोर जन्मली तेव्हा अंगावर दूध नव्हते. पुढे बैल ज्या डबक्यात उतरत त्यातलेच पाणी पोटात गेले, आणि हगवण तर कधी पुरती थांबलीच नाही. देवळाली प्रवऱ्याला दिलेल्या रंगुबाईच्या सख्ख्या बहिणीची मुलगी बनूच्याच वयाची. तिथे विहिरीला स्वच्छ पाणी, दारात दुभती म्हैस. ती पोर मावशीच्या खांद्याशी पोचली होती. आजी एक, रक्त एक. ‘जात्याच’ हा शब्द या दोघी मावसबहिणींच्या मध्ये नेमका कुठे बसवायचा, ते आप्पासाहेबांनाच ठाऊक.

नगरहून डॉक्टर शामकांत तपासणीला आले, तेव्हा रंगुबाई बनूला पुढे घालून त्यांच्या वाटेतच उभी राहिली.

“डागदरसायब, माझ्या पोरीचं वय बघा. भाकरीची हाय ती, पेजंची न्हाई.”

“काठीनं बघितलंय, डॉक्टर,” आप्पासाहेब हसून म्हणाले. “असेल पाचाची. भाकरीसाठी या बाया पोरींची लग्नं झाली म्हणूनसुद्धा सांगतील.”

कारकून खो खो हसले. रंगुबाई हलली नाही.

“सायब, बाजारात बैल घेताना तुमी काठी लावता व्हय? तोंड उघडून दात बघता न्हवं? मग माज्या लेकराचंबी तोंड उघडा की. बैलाइतका तरी मान द्या तिला.”

डॉक्टर उकिडवे बसले आणि त्यांनी बनूचा ओठ वर केला. पुढचे दुधाचे दात केव्हाच पडून गेले होते. त्या इवल्याशा तोंडात मोठ्या माणसाचे रुंद, करवती धारेचे दात उगवले होते.

“आप्पासाहेब, आई खरं सांगते. ही आठाची आहे.”

“असेल. म्हणजे ठेंगणी आहे, एवढंच. यांची जातच...”

“जात तर माज्या भैनीच्या पोरीचीबी हीच हाय,” रंगुबाई म्हणाली. “ती उंच कशी झाली, सायब?”

“हिला आजपासून भाकरी द्या,” डॉक्टर उठत म्हणाले.

आप्पासाहेब रंगुबाईच्या मागे पाहत होते. पेजेच्या रांगेतल्या बायांनी आपापल्या पोरांचे ओठ बोटांनी वर धरले होते, आणि एकेक करून त्या पुढे येऊ लागल्या होत्या.

“हिला दिली तर त्या सगळ्यांना द्यावी लागेल,” ते चिडून म्हणाले.

“मग द्या. त्यांचाही हक्क आहे. ही खूण तुम्ही कोणत्या शास्त्रानं केलीत?”

आप्पासाहेबांनी रुमालाने मान पुसली. रंगुबाईचा हात बनूच्या डोक्यावर होता. भाकरी मिळणार की नाही, एवढेच तिला ऐकायचे होते. तिने ऐकले ते असे:

“शास्त्र कसलं, डॉक्टर? कोठीत ज्वारी किती आहे ते आधी पाहिलं, आणि तेवढीत भागेल इतकी खूण वर सरकवली. मुलं जात्याच ठेंगणी असतात, हे मी मागाहून लिहिलं.”