शेंदूर उतरलेला वीरगळ

मी एक जुना वीरगळ आहे, असं माझ्या पायाशी ठेवलेल्या पाटीवर लिहिलंय. मित्रांनो, पाटी खरंच सांगत असेल. पण माझा तिच्यावर अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

चोरांकडून गाई सोडवताना मेलेल्या एका गड्यासाठी पाथरवटाने मला घडवलं. ढाल, तलवार, गाई, सगळं कोरलं आणि शेवगावकडच्या एका गावाच्या वेशीत रोवलं. पुढे त्या गड्याची आठवण ठेवणारे संपले. मग कधीतरी कुणीतरी माझ्या अंगाला शेंदूर फासला. शेंदूर-तेलाचे थर चढत गेले, नाकडोळे बुजले आणि मी देव झालो. मला कुणी विचारलं नाही. पण खोटं कशाला बोलू, देवपण मला आवडलं. दर अमावास्येला गावातली रतनबाई शेंदूर लावायची, तेव्हा तिच्या तळहाताची ऊब आतल्या दगडापर्यंत पोचायची.

मग धरण आलं. गाव ट्रकांत बसून वरच्या माळावर गेलं. मी कमरेपर्यंत जमिनीत. पहारी लावूनही हललो नाही. लोक म्हणाले, देवालाच यायचं नाही. मला तर यायचं होतं.

पाणी चढायच्या आत नगरच्या कलासंग्रहालयाचे मुख्य अभिरक्षक नृसिंहराव माणसं घेऊन आले आणि त्यांनी मला खणून काढलं. दालनात कुणी उभं राहायचं, कोठारात कुणी पडायचं, कशाला हात लावायचा नाही, सगळं तेच ठरवत. त्यांनी माझं शेंदराचं कवच अलगद सोडवलं. ते अखंड निघालं. टाकवेना, म्हणून पेंढा घालून खोक्यात ठेवलं. कोरलेल्या गाई पाहून त्यांचे डोळे भरून आले. मला मात्र उघडं पडल्यासारखं वाटत होतं.

एके दिवशी रतनबाई आली. नव्या गावात चौथरा तयार होता, वर देव नव्हता. तिच्या लेकीचं, चांगुणाचं, लग्न त्यापायी अडलं होतं. गावदेवाच्या पाया पडल्याशिवाय त्यांच्यात नवरी वेस ओलांडत नाही. संग्रहात आलेली वस्तू परत देता येत नाही, हे तिला कसं सांगावं, या विचाराने नृसिंहराव घामाघूम झाले. तसेच तिला माझ्यासमोर घेऊन आले.

तिने मला खालीवर न्याहाळलं. "ह्यो आमचा न्हाई."

"बाई, हाच तो. शेंदराच्या आत हाच होता."

"आतलं आमाला काय ठावं, सायेब? आमी वरनंच पुजत आलो."

मला फार वाईट वाटलं.  मग नृसिंहरावांना काय वाटलं कोण जाणे, आत जाऊन ते खोकं घेऊन आले. पेंढ्यातलं कवच दिसताच रतनबाईने डोक्यावर पदर घेतला आणि ती वाकली. कवच संग्रहाच्या नोंदवहीत नव्हतं. ते द्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती. त्यांनीच ते खोकं तिच्या डोक्यावर चढवलं. ती एसटी गाठायला निघाली, आणि माझ्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

कवच चौथऱ्यावर बसलं आणि चांगुणाचं लग्न पार पडलं म्हणे. ती माझ्या पाया पडली की नाही, मला सांगता येत नाही. नृसिंहराव अधूनमधून माझ्यापुढे उभे राहतात आणि पाटी पुन्हा वाचून निघून जातात. मी नक्की कुठे आहे, हे बहुधा त्यांनाही उमगलेलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. पण त्या लख्ख करण्याआधी, त्या कुणाला कशा ठाऊक आहेत तेही विचारा. आणि कधी त्या माळावरच्या गावी गेलात, तर चौथऱ्यावर बसलेल्याला नीट बघून या. तो मीच असलो, तर मला येऊन तसं सांगा.