उलटी झाली होती का?

संजीवचा उजवा गाल टम्म फुगून डोळा दिसेनासा झाला होता. एक्स-रे बघून डॉक्टर रंजनी म्हणाल्या, "गालाचं हाड मोडलंय. सूज उतरली की ऑपरेशन करू. पडल्यावर शुद्ध गेली होती का? उलटी झाली होती का?"

चारुलतानं शेजारी उभ्या सासऱ्यांकडे पाहिलं. माधवराव म्हणजे उभ्या जन्मात सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेले गृहस्थ.

"नाही," ती म्हणाली.

झाली होती. गिंडीच्या ऑफिसात कुणाचा तरी निरोपसमारंभ होता. तिथून येताना संजीवची स्कूटर वेलचेरी स्टेशनजवळ घसरली आणि एका शेअर ऑटोवाल्यानं त्याला घरी आणून सोडलं. जिन्यात तो भेलकांडत होता, जीभ जड झाली होती, आणि दारापाशी दोनदा ओकला. चारुलताला वाटलं, प्यायलेत. श्रावणात तिनं देवासमोर त्याच्याकडून न पिण्याची शपथ घेतली होती, ती मोडली. सासरे देवळातून यायच्या आत तिनं दारापुढचा जिना फिनेलनं धुऊन काढला आणि मग त्याच्या गालाकडे पाहिलं.

डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं. चपला घालता घालता संजीव म्हणाला, "बाबा, तुम्ही कधी आलात?"

"पोंगलच्या आधीपासून तुमच्याकडंच आहे की रे!" माधवराव हसले. "बायकोला तरी ओळखतोस, की करून देऊ ओळख?"

संजीवही वाकडं हसला. दाराशी पुन्हा म्हणाला, "बाबा! तुम्ही कधी आलात?"

लिफ्टपाशी तेच. या वेळी माधवराव हसले नाहीत.

चारुलता मागे धावली. डॉक्टरांच्या कानाशी जाऊन काहीतरी पुटपुटली.

"सत्तमा सोल्लुंग, अम्मा! जोरात बोला, ऐकू येत नाही."

आरतीसुद्धा ओठांतल्या ओठांत म्हणणारी ती. पण आता ओरडली.

"उलटी झाली होती! दोनदा! मला वाटलं, प्यायलेत. म्हणून नाही सांगितलं!"

आसपासचे सगळे वळून बघायला लागले. संजीवला धरून परतलेले माधवरावही तिथंच थबकले.

डॉक्टर संजीवच्या तोंडाशी वाकल्या. "दारूचा वास तर नाही. अम्मा, हाड मोडणारा दणका मेंदूलाही बसतो. गालाची सूज दिसते, आतलं रक्त दिसत नाही. मीही तुमच्या एका 'नाही'वर थांबायला नको होतं." आणि त्यांनी स्ट्रेचर मागवलं.

सीटी स्कॅन होईपर्यंत सासरे-सून एकाच बाकावर बसले. चारुलता पदराचं टोक पिळत राहिली. जप सुरू करायचाही धीर होईना.

"प्यायला असता," माधवराव शेवटी म्हणाले, "तर मी काय त्याला रस्त्यावर टाकलं असतं?"



मेंदूचे डॉक्टर बाहेर आले. मेंदूवर थोडं रक्त साकळलं होतं. आज कवटी उघडावी लागणार नव्हती, पण डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला हवं होतं. "घरी नेऊन झोपू दिलं असतं, तर कठीण होतं. वेळेत सांगितलंत."

"हो," माधवराव म्हणाले. "आमच्या सूनबाईनंच सांगितलं."

तिची मान वर झाली नाही.