दाजींनी द्यायचा नकार

शुक्रवारी सकाळी सव्वाअकराला धाकटी मेहुणी काचेच्या दुकानात आली आणि म्हणाली, “दाजी, उद्या मला नाही म्हणा.”

काचवाला टेबलावर वाकून खिडकीची काच कापत होता. कटरची रेघ एका दमात ओढावी लागते. अर्ध्यात थांबलं की काच वाटेल तशी तडकते. त्याने रेघ पुरी केली, टेबलाच्या कडेवर काच मोडली आणि मग मान वर केली.

बायको जाऊन आठ महिने झाले होते. तिच्या माहेरची रीत अशी, की थोरली गेली तर तिच्या घरात धाकटीने जायचं. संसार मोडत नाही, लेकराला परकी आई येत नाही. खुद्द सासूबाई अशाच आपल्या बहिणीमागे आल्या होत्या. शनिवारी सासरे त्याचा होकार घ्यायला येणार होते.

“तूच सांग की वडिलांना.”

“तीनदा सांगितलं. बाबा म्हणतात, मुली आधी नाहीच म्हणतात. जावयाचा शब्द मात्र आमच्याकडे खाली पडत नाही.” तिने पर्समधून कागद काढला. परगावच्या हॉस्पिटलात नर्सची नेमणूक. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. तिच्या एकतिसाव्या वर्षी आलेला कागद होता. “न सांगता गेले, तर परत यायला दार राहणार नाही.”

त्याने पत्र दोनदा वाचलं. खरं तर त्याच्या मनात होकार द्यायचं ठरलं होतं. प्रेमबिम काही नाही. तो दमला होता. आठवड्यातून दोनदा ती घरी यायची, त्या दिवशी लेकीची वेणी सरळ असायची, डबा भरलेला असायचा आणि त्याला झोप लागायची. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आताही नाही सांगितलं.

“कारण काय देऊ?”

“माझ्यात खोट काढा. काचेतला बुडबुडा लांबून दिसतो तुम्हाला, माणसातला नाही दिसत?”

“तोंडाळ आहेस.”

“चालेल.”

“हाताला मीठ जास्त आहे.”

“लिहून ठेवा, ऐन वेळी विसराल.”

दोघं हसली. हसून झाल्यावर दोघांनाही दमल्यासारखं झालं.

शनिवारी चारला सासरे काचवाल्याच्या घरी खुर्चीत बसले. सासूबाई कॉटवर नातीची वेणी घालत होत्या. धाकटी चहा ठेवून आत गेली.

“मग जावईबापू, तारीख धरायची?”

“मामा, आमचं जमेलसं वाटत नाही. ती तोंडाळ आहे.”

सासरे हसले. “आणि थोरली काय मुकी होती? भांड्याला भांडं लागल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नव्हता. चौदा वर्षं काढलीत ना?”

“स्वयंपाकात मीठ—”

“थोरलीचंही तेच. चारचौघांत तुम्हीच सांगायचात.”

“हट्टी आहे.”

“थोरली मोठी मेणाची होती.”

काचवाला थांबला. लेक आजीच्या मांडीवरून त्याच्याकडे बघत होती. काल दुकानात हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं: त्याने आणलेली प्रत्येक खोट त्याच्या बायकोचीही होती. आणखी एक काढली, तर तिच्या लेकीसमोर आणि आईसमोर मेलेल्या बाईला नावं ठेवल्यासारखं होणार होतं. आता ‘मला ती नको’ एवढंच उरलं होतं, आणि ते खरं नव्हतं. ‘तिला मी नको’ हे खरं होतं, पण त्याचं खापर तिच्याच डोक्यावर फुटलं असतं.

“हिला विचारा,” सासऱ्यांनी सासूबाईंकडे हात केला. “ही पण अशीच आली. काय बिघडलं?”

सासूबाईंनी घातलेली वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली. “चहा गार होतोय,” त्या म्हणाल्या.

“उद्यापर्यंत वेळ द्या,” काचवाला म्हणाला.

“दिला. सकाळी नऊला दुकानावर येतो. तिथे निवांत बोलू.”

स्वयंपाकघरात नळ सुरू झाला, तो बराच वेळ बंद झाला नाही.

रविवारी सव्वाआठला धाकटीने तिची बॅग दुकानात आणून टेबलाखाली सरकवली. बस साडेनऊची होती, दिवसभरातली एकच.

“आता खोटबिट काढू नका, दाजी. नुसतं नाही म्हणा.”

“आणि लेकीचं कोण बघेल, असं विचारलं तर?”

ती दारात थांबली. “ते मलाही ठाऊक नाही,” म्हणाली आणि तिकीट काढायला स्टँडकडे गेली.

नऊला पाच कमी असताना सासरे समोरचा रस्ता ओलांडत होते. त्यांच्या दोन पावलं पुढे सासूबाई होत्या. चौदा वर्षांत त्या दुकानावर पहिल्यांदाच येत होत्या. त्यांच्या हातात प्रवासाला बांधून देतात तसा डबा होता.