फादरांविरुद्धची गाऱ्हाणी

फादर ऑस्वाल्ड यांची पुण्याला बदली झाल्याची बातमी सुप्यापलीकडच्या माळावरच्या शाळेत सकाळी पोचली, आणि दुपारपर्यंत कारभारींनी तिच्यावर उपाय काढला. कारभारींची मुलगी तिथं सातवीत होती. जिल्हा परिषदेच्या मास्तरांच्या बदल्या कशा होतात नि कशा अडतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

"चांगला मास्तर वरचे उचलून नेत्यात," ते पालकांना म्हणाले. "टाकाऊ मास्तर कुनी मागत न्हाई. तवा आपले फादर टाकाऊ हायेत, असं मोठ्या फादरांना पटवायचं."

"आन् खोटं बोलल्याचं पाप?" छबूबाईनं विचारलं.

"ते फादरच माफ करत्याल की. कामच हाय त्यांचं."

फादरांना यातलं काही माहीत नव्हतं. ते येशूसंघाचे धर्मगुरू. वरिष्ठ सांगतील तिथं जायचं, का म्हणून विचारायचं नाही, हे व्रत त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये तरुणपणीच घेतलं होतं. त्यांनी ट्रंक भरायला घेतली, पण वर्गातून "फादर!" अशी हाक आली, की हातातलं पुस्तक ट्रंकेऐवजी पुन्हा फळीवर जायचं. त्यांना राहायचं होतं. बहात्तरच्या दुष्काळानं मुलं आईबापांमागं खडी फोडायला जात, आणि फादर त्या दुष्काळी कामावर जाऊन त्यांना सायकलवर बसवून परत आणत. नवा माणूस हे करील का?

पुण्याचे वरिष्ठ, फादर मिस्किटा, जीपमधून आले. पालक ओसरीवर जमले, फादरही एका बाजूला उभे राहिले.

"ह्यांना शिकवता येत न्हाई," कारभारींनी सुरुवात केली.

"मागच्या वर्षी सातवी सगळी पास झाली ना?"

"पोरंच हुशार, सायेब. ह्यांनी शिकवलं तरी पास झाली."

"लई रागीट," भिमाजी म्हणाला. "मला चपलीनं मारलं."

"कधी?"

भिमाजी गडबडला. "कारभारी, कधी मारलं वो?"

बायकांनी तोंडाला पदर लावला. फादरांना सगळा डाव कळला. मिस्किटांनी त्यांच्याकडं वळून विचारलं, "खरं आहे का हे?"

हो म्हटलं तर कदाचित राहता येईल. नाही म्हटलं तर उद्या ट्रंक जीपमध्ये.

"न्हाई," फादर म्हणाले. त्यांची मराठी याच माळावरची होती. "एक बी खरं न्हाई."

कारभारींनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात शाळेच्या बोर्डिंगचा स्वयंपाक करणारी राहीबाई हात पुसत पुढं आली.

"माजं गाऱ्हाणं ऱ्हायलंय. हे फादर खोटं बोलत्यात. रोज मला म्हनत्यात, जेवलो. आन् ताट बोर्डिंगातल्या पोरांत वाटून टाकत्यात. देवाच्या मानसाला खोटं चालतं व्हय?"

"बाई, हे ठरलं नव्हतं!" कारभारी कुजबुजले.

"नसंल ठरलं. खरं हाय."

मिस्किटांनी फादरांच्या कमरेच्या पट्ट्याकडं पाहिलं. खिळ्यानं पाडलेली नवी भोकं होती, एकही सरळ रेषेत नव्हतं.

"हे खरं?"

फादरांनी मान खाली घातली. "व्हय."

"म्हणूनच तुम्हाला न्यायला आलो. नगरच्या डॉक्टरांनी कळवलं, माणूस वाळत चाललाय. पुण्यात निदान वेळेवर जेवाल."

"जेवायचंच तर हितं काय वाईट हाय?" राहीबाई म्हणाली. "मी घालते की जेवायला."

"आन् पोरं?" फादरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच धार आली. "मदतीची मिलो जवारी संपत आलीय. मी जेवलो तर त्यांचं काय?"

मिस्किटांनी खिशातून वही काढली. चाळीस मुलांच्या बोर्डिंगाला एका ताटानं काय होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"हे मला आधी सांगायचं होतं, ऑस्वाल्ड. धान्य मी पाठवतो, याच आठवड्यात. तुम्ही राहा, पण रोज या बाईंच्या समोर जेवायचं. हीही आज्ञाच समजा."

राहीबाई तिथूनच आत वळली आणि ताट घेऊन आली. लाल मिलोची भाकरी, वर मिरचीचा ठेचा. फादरांनी सवयीनं भाकरीचे दोन तुकडे केले, अर्धा बाजूला सारला आणि वर पाहिलं. ओसरीवरचं एकही माणूस हललं नव्हतं. त्यांनी तो अर्धा पुन्हा जवळ ओढला आणि घास घेतला.

"चावा, फादर," छबूबाई म्हणाली. "नुसतं तोंडात धरू नगा."