भोंग्याचं तिकीट

सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला येणार, असं बायकोने जाहीर केलं तेव्हा मी सोफ्यावर आडवा झालो होतो. सोफ्याचा उल्लेख मुद्दाम करतोय, कारण त्यांची झोपायची सोय तिथेच ठरली होती.

"भोंग्याची बस बंद होणार आहे," बायको म्हणाली. "मग आई तिथे एकटी काय करेल? दवाखाना इकडे, बाजार इकडे, गुडघे तसे. बस बंद झाली की ती आपल्याकडे. ठरलं."

"आईंना विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय?"

हट्ट रक्तातून उतरतो म्हणतात. आमच्याकडे तो पाझरत नाही, नळासारखा वाहतो.

भोंगा म्हणजे त्या बसचा शेवटचा थांबा. तिथे पूर्वी कापडाची गिरणी होती, गिरणीला भोंगा होता, आणि भोंग्यावर अख्खी वस्ती उठायची, जेवायची आणि भांडणं आवरती घ्यायची. गिरणी बंद पडली. भोंगा कुणीतरी भंगारात घातला. नाव तेवढं राहिलं, ते उचलून नेता येत नव्हतं म्हणून. गिरणीमागे कामगारांच्या खोल्यांची रांग आहे, त्यातल्या एका खोलीत सासूबाईंचं लग्नापासूनचं बिऱ्हाड. उभं आयुष्य त्यांनी वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात काढलं. यंत्रांच्या खडखडाटाच्या वर आवाज काढून बोलायची सवय तिथे लागली, ती अजून गेलेली नाही. त्या फोनवर बोलायला लागल्या की फोन कशाला घेतला असेल असं वाटतं.

"तुमच्या चौथ्या मजल्यावर मी करू काय? आपल्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी बघू?" त्यांनी विचारलं. मी फोन हातभर लांब धरला होता, तरी स्वयंपाकघरात बायकोने भांडं आपटलं. "बसला माणसं नाहीत म्हणून बंद करतायत ना? मग मी माणसं आणते. जावईबापू, तुमची ती फिरायला जाणारी मंडळी रविवारी इकडे घेऊन या."

आमची फिरायला जाणारी मंडळी म्हणजे बागेला एक चक्कर मारून बाकावर बसणारी आणि तिथून देश चालवणारी निवृत्त माणसं. पण बसमध्ये बसायला मिळतंय म्हटल्यावर ती तयार झाली.

सासूबाई थांब्यावर उभ्या होत्या. गुडघ्याला पट्टा, हातात काठी. काठी टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. शेजारच्या खोलीतले बॉयलरवाले काका बरोबर होते. भोंगा वाजवायचं काम जन्मभर यांचं. त्यामुळे त्यांना आता ऐकू येत नाही, आणि त्यांची त्याबद्दल काही तक्रारही नाही.

"चला! मागे कोण रेंगाळतंय? पाळी सुरू झालीय!" सासूबाई ओरडल्या.

गिरणीच्या मोडक्या फाटकाशेजारून पायवाट निघते. आधी कालव्याच्या काठाने, मग कोळशाच्या गाड्या यायच्या त्या बांधावरून. रूळ कधीच गेले, आता कमरेएवढं गवत आणि त्यात पिवळी फुलं. मागांच्या साचाखात्याचं दातेरी छप्पर बसलंय, त्यातून एक झाड बाहेर डोकावतं आणि आपण कुठे उगवलोय याचा अंदाज घेतं. धुराडं मात्र उभं आहे. त्याच्या टोकावर घारीने घरटं केलंय, तिला खोली सोडायला अजून कुणी सांगितलेलं नाही.

रंगखात्यामागे ओढा लागतो. सासूबाईंनी काठी उगारली.

"इथलं पाणी बघून आत कोणतं कापड चाललंय ते कळायचं. कधी लाल, कधी हिरवं. शाळेच्या गणवेशाचा निळा वाहायला लागला की पोरं रडायला लागायची. सुट्टी संपली!"

"आणि आता?" मंडळींतल्या एका निवृत्त बँकवाल्याने विचारलं.

"आता पाण्याच्या रंगाचं. कळत नाही कशाला वाहतंय."

डोंगराच्या खांद्यापर्यंत चढून आम्ही खाली आलो तेव्हा बँकवाल्याला धाप लागली होती आणि सासूबाई काकांशी भांडत होत्या. मंडळी पुढच्या रविवारी आपणहून आली, बायकांना घेऊन आली, बायका मैत्रिणींना घेऊन आल्या. थोड्याच दिवसांत मला बसमध्ये उभं राहावं लागू लागलं.

म्हणून सासूबाई तडक बस डेपोत गेल्या. मला बरोबर नेलं, पुरावा म्हणून.

"बाई, शेवटच्या थांब्याला एकही तिकीट जात नाही," वाहतूक निरीक्षक अदबीने म्हणाला. "मशीनमध्ये शून्य आहे. आजचं नाही, कित्येक वर्षांचं."

"अहो, हे जावई उभे राहून आलेत!"

"असतील. पण मशीन खोटं बोलत नाही."

"मी बोलते का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तो म्हणाला, येत्या रविवारची विक्री बघून सोमवारी निकाल लावतो.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरबाई आल्या. "भोंगा, दोन," मी म्हणालो. त्या मशीनवर बोट आपटत स्वतःशीच पुटपुटल्या, "पूल, दोन."

"पूल कशाला? आम्हाला भोंग्याला जायचंय."

"भोंगा नाहीच हो ह्यात. सगळे भोंगा भोंगा म्हणतात, मग आम्ही आधीचा पूल देतो. भाडं तेच आहे."

"मग शेवटच्या थांब्याचं नाव काय आहे मशीनमध्ये?"

त्यांनी बटणं दाबत दाबत शोधून काढलं. "वस्त्रोद्योग पुनर्विकास क्षेत्र, उत्तर."

"हे कुठे आलं?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्या दारात, आई," मी म्हणालो.

सासूबाई अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाल्या, "विकास झाला नाही, तर पुन्हा कुठला? आणि उत्तर म्हणे! सूर्य माझ्या मागच्या दारात मावळतो. मी नाही असलं नाव तोंडातून काढणार."

"मग बस जाईल."

"जाईल," त्या म्हणाल्या. पूल गेल्यावर म्हणाल्या, "पुन्हा सांगा बरं ते नाव. हळू सांगा."

रविवारी सकाळी शहरातल्या थांब्यावर त्या आमच्या आधी हजर होत्या. पहिल्या बसने काकांना घेऊन इकडे येऊन उभ्या होत्या, आम्हाला घेऊन परत जायला. मंडळींना रांगेत उभं केलं.

"कुणी भोंगा म्हणालं तर मी त्याला पुलावर उतरवीन. म्हणा, वस्त्रोद्योग!"

"वस्त्रोद्योग!"

"पुनर्विकास!"

"पुनर्विवाह!" बँकवाला म्हणाला. त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्याला पुन्हा म्हणायला लावलं. बॉयलरवाले काका काहीच न ऐकता मान डोलावत होते, म्हणून त्यांचं तिकीट काढायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं.

बस आली. आम्ही चढलो आणि दार लागणार इतक्यात माझी बायको धावत आत शिरली. आजवर ती एकदाही फिरायला आली नव्हती. आईला शहरात आणायचं तिने ठरवलं होतं, आणि ठरवलेल्या गोष्टीच्या विरुद्ध तिला चालवत नाही. मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं नाही. दोघी एकाच वेळी पुढे बघू लागल्या.

कंडक्टरबाई मागून सुरू झाल्या. आमच्या मंडळींनी परीक्षेसारखी उत्तरं दिली. बँकवाल्यानेही नीट दिलं. मग त्या बायकोपाशी आल्या.

तिने नुसतं 'पूल' म्हटलं असतं तरी कुणी तिला काही म्हणू शकलं नसतं. त्या ओढ्यात निळं पाणी बघून रडलेल्या पोरांत ती होती. भोंगा बंद पडला त्या सकाळी अख्खी वस्ती उशिरा उठली आणि आई चुलीपाशी नुसती बसून होती, हेही तिने पाहिलं होतं.

"वस्त्रोद्योग पुनर्विकास क्षेत्र, उत्तर," बायको खणखणीत आवाजात म्हणाली. आवाज थेट वाइंडिंग खात्यातला. "एक. आणि मशीनमध्ये नीट दाबा, मी बघतेय."

सासूबाई पुढेच बघत होत्या. "उच्चार बरा आहे," त्या म्हणाल्या.

"तुझ्यावर गेलाय."

"गुडघ्याला पट्टा आणलायस?"

"तुझ्यासाठी दुसरा आणलाय. तो आहे तो सैल झालाय, मला इथून दिसतोय."

सोमवारी निरीक्षकाचा फोन आला. एका दिवसात शून्यातून एवढी विक्री झालेली बघून त्याने आधी मशीन तपासायला पाठवलं होतं. मशीन ठणठणीत निघालं. बस राहिली. नाव बदलून घ्यायचं असेल तर मुख्य कार्यालयात अर्ज करा, असंही तो म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, करू की सावकाश, मला काय दुसरं काम आहे?

आता नवे लोक येतात ते पाठ करून येतात. दर रविवारी सासूबाई त्यांना थांब्यावरच नियम सांगतात: तिकीट काढताना पुनर्विकास, उतरताना भोंगा. बस वळणावर आली की बॉयलरवाले काका उठून उभे राहतात आणि तोंडाने जोरात, लांबलचक भोंगा वाजवतात. त्यांना स्वतःला तो ऐकू येत नाही. बाकी सगळे उतरतात.

महिन्यातून एकदा बायको शनिवारीच आईकडे मुक्कामाला जाते. मी जात नाही. कुणीतरी सोफा सांभाळायला हवा.